शेवटपर्यंत बसून राहणारा बातमीदार: ब्रिटनच्या लोकल डेमोक्रसी रिपोर्टिंग सर्व्हिसचं परीक्षण

ब्रिटनमध्ये दुकान टाकलेल्या, घरामागे खोली वाढवू पाहणाऱ्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमासाठी दरवर्षी हॉल शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. सेवेचं नाव लोकल डेमोक्रसी रिपोर्टिंग सर्व्हिस. घरात टीव्ही लायसन्स असेल तर तिचे पैसे तुम्ही आधीच भरताय, कारण ती बीबीसीच्या लायसन्स फीमधून चालते. तरीही माझ्या ओळखीच्या मराठी घरांत हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. आपल्या रस्त्यावर काय उघडणार, किती वाजेपर्यंत चालणार, शेजारच्या घरात किती भाडेकरू राहणार, हे जिथे ठरतं तिथे बसून या सेवेचे बातमीदार लिहून घेतात.

माझे गुण पाचपैकी चार. पाचवा का राखून ठेवला तेही सांगते, पण आधी सेवा नेमकी काय आहे ते.

बीबीसीची सध्याची सनद २०१७ पासून लागू झाली. तोवर इथली बरीच स्थानिक वृत्तपत्रं बंद पडली होती, आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, बैठकांना माणूस पाठवणं सोडून दिलं होतं. मग बीबीसी आणि वृत्तपत्रांमध्ये ठरलं की बातमीदाराच्या पगाराचे पैसे बीबीसी देईल, नोकरी मात्र स्थानिक वृत्तपत्राची राहील. आणि त्याने लिहिलेली बातमी योजनेत सामील असलेल्या सगळ्यांना, अगदी प्रतिस्पर्ध्यांनाही, फुकट वापरता येईल. २०१८ पासून ही मंडळी कामाला लागली. सुरुवातीला १५० जागा होत्या, पुढे त्या १६५ झाल्या. बीबीसी त्यासाठी वर्षाला ८० लाख पौंडांपर्यंत खर्च करते. बातमीदाराच्या नावापुढे ‘लोकल डेमोक्रसी रिपोर्टर’ असं छापलेलं दिसलं की ओळखायचं.

माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लिपिक होते. सभेचं इतिवृत्त लिहिणं त्यांच्याकडे असायचं. अण्णा आम्हाला सांगायचे, “ठराव सगळेच वाचतात, तुम्ही उपसूचना वाचत जा.” ठराव मंजूर झाला एवढंच लोकांना कळतं, त्याला जोडलेल्या उपसूचनेत कुणाच्या जागेवरचं आरक्षण हललं, कुणाला मुदत वाढवून मिळाली, हे कागद उलटवणाऱ्यालाच दिसतं. या देशात प्लॅनिंग (बांधकामाची आणि जागेच्या वापराची परवानगी) आणि लायसन्सच्या (धंद्याच्या परवान्यांच्या) बातम्या वाचायला लागले तेव्हा मी हीच कसोटी लावली. परवाना मिळाला की नाकारला, हे मथळ्यात येतंच. कोणत्या अटींवर मिळाला आणि कोणत्या कारणाने नाकारला, हे बातमीत आहे का? या सेवेच्या बातम्या या कसोटीला बहुतेक वेळा उतरतात. चार गुण त्याचेच आहेत.

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका शहरात हाय स्ट्रीटच्या टोकाला माझं मिसळ, वडापाव, थालीपिठाचं छोटं रेस्टॉरंट आहे. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०२० पासून दुकान, ऑफिस आणि रेस्टॉरंट हे सगळं ‘क्लास ई’ या एकाच वर्गात आलं, त्यामुळे कपड्यांच्या दुकानाचं रेस्टॉरंट करायला सहसा प्लॅनिंगची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र मुख्य धंदा गरम पदार्थ बांधून देण्याचा असेल, म्हणजे टेकअवे, तर तो या वर्गाच्या बाहेर पडतो आणि परवानगी घ्यावीच लागते. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक एजंट नीट सांगत नाहीत. तो मी पहिल्यांदा याच सेवेच्या एका बातमीत वाचला. शेजारच्या शहरातल्या पिझ्झाच्या दुकानाला कौन्सिलने नोटीस बजावली होती, आणि बातमीदाराने ती का बजावली हे दोन वाक्यांत स्वच्छ लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात गरम खाणं किंवा गरम पेय विकायचं असेल तर २००३ च्या लायसन्सिंग ॲक्टखाली परवाना लागतो. दारूचा थेंबही विकत नसाल तरी लागतो. जवळच्या हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणारी केरळची, महाराष्ट्राची कितीतरी नर्समंडळी शुक्रवारी-शनिवारी उशिरा यायची, म्हणून मी त्या दोन रात्रींसाठी १ वाजेपर्यंतचा अर्ज केला. फिकट निळ्या कागदावर, काळ्या शाईत, १६ पॉइंटच्या टायपात नोटीस काचेवर २८ दिवस लावायची आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, असा नियम आहे. या २८ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही तर अधिकाऱ्यांना मागितल्याप्रमाणे परवाना द्यावाच लागतो. हरकत आली तर तीन कौन्सिलरांच्या उपसमितीपुढे सुनावणी. माझ्या अर्जाला वरच्या मजल्यावर आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्यांनी हरकत घेतली.

सुनावणीच्या सकाळी टाउन हॉलच्या खोलीत तीन कौन्सिलर, त्यांचा कायदा सल्लागार, लायसन्स अधिकारी, पर्यावरण आरोग्य विभागाच्या बाई, हरकत घेणारे शेजारी आणि मी. कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन एक तरुण मुलगी. मला वाटलं कौन्सिलचीच कुणी असेल. शेजाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की आमची तक्रार खाण्याबद्दल नाही. रात्री काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्याचा आवाज येतो, आणि डिलिव्हरीवाल्या पोरांच्या स्कूटर खिडकीखाली सुरूच असतात. मी माझं म्हणणं मांडलं. मग उपसमिती निर्णयासाठी आतल्या खोलीत गेली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती मुलगीही बसून राहिली. दुसऱ्या कुठल्या वृत्तपत्राचं कुणी नव्हतंच. निर्णय वाचून दाखवेपर्यंत ती हलली नाही, आणि जाताना माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारून गेली.

तिची बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे, कारण माझ्याबद्दल असूनही तिच्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. १ ऐवजी १२ वाजेपर्यंतचा परवाना मिळाला. ११ नंतर पुढचं दार बंद ठेवायचं, रात्री ११ ते सकाळी ७ बाटल्या आणि कचरा बाहेर टाकायचा नाही, डिलिव्हरीवाल्यांनी इंजिन बंद करून थांबायचं, सीसीटीव्हीचं चित्रण ३१ दिवस जपायचं. सगळ्या अटी बातमीत होत्या. शेजाऱ्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत होतं आणि माझं उत्तरही तेवढ्याच जागेत. निर्णय ‘सार्वजनिक उपद्रव टाळणे’ या उद्दिष्टावर घेतला हेही होतं. कायद्यात अशी उद्दिष्टं चारच आहेत: गुन्हेगारी आणि बेशिस्त रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणं, मुलांना इजा होण्यापासून जपणं. याबाहेरचं कारण उपसमितीला चालत नाही. निर्णय मान्य नसेल तर मला किंवा हरकत घेणाऱ्यांना २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येईल, हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं.

आणि शेवटच्या परिच्छेदात ती गोष्ट होती जिच्यासाठी मी या मुलीला मनापासून मानते. माझ्या जागेच्या जुन्या प्लॅनिंग परवानगीत रात्री ११ वाजता बंद करण्याची अट आहे. ती बदलून घेण्याचा अर्ज, १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टच्या कलम ७३ खाली, मी वेगळा केला होता. लायसन्सच्या सुनावणीत त्याचा नुसता ओझरता उल्लेख झाला, कारण प्लॅनिंग आणि लायसन्स हे इथे दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या समित्या. एकीकडे १२ पर्यंतची मुभा आणि दुसरीकडे ११ चं बंधन असेल तर आधीची वेळ पाळावी लागते. बातमीत ते स्पष्ट लिहिलं होतं: परवाना मिळाला तरी प्लॅनिंगची अट बदलेपर्यंत दुकान ११ लाच बंद होईल. त्यासाठी तिने कौन्सिलच्या पोर्टलवर जाऊन माझ्या जागेची जुनी फाइल उघडली असणार. एवढ्या लहान दुकानासाठी एवढे कष्ट कोण घेतं? अण्णा असते तर त्यांना मी ही बातमी वाचून दाखवली असती.

आता पाचव्या गुणाकडे वळते. ही बातमी ज्या संकेतस्थळावर मी आधी पाहिली तिथे मथळा होता, शेजाऱ्यांचा विरोध डावलून रात्रभर टेकअवेला परवाना, अशा अर्थाचा. ‘रात्रभर’ चूक, ‘टेकअवे’ चूक, आणि ‘डावलून’ तर साफ चूक. शेजाऱ्यांचं ऐकूनच एक तास कापला होता. मजकूर अक्षरशः तिचाच, मथळा मात्र त्या संकेतस्थळाच्या डेस्कचा, म्हणजे तिथल्या संपादकांचा. खाली प्रतिक्रियांत लोकांनी फक्त मथळा वाचून काय काय लिहिलं ते इथे सांगावंसं वाटत नाही. मी बातमीदाराला ई-मेल पाठवला, तिने त्याच संध्याकाळी उत्तर दिलं, डेस्कशी बोलली, आणि मथळा बदलला. दुसऱ्या एका भागीदार वृत्तपत्राने तीच बातमी सरळ मथळ्याने छापली होती. म्हणजे सेवा एकच, पण ती तुमच्या हातात कुणाकडून पडते त्यावर बरंच ठरतं. कंत्राटांतल्या बहुतेक जागा रीच, न्यूजक्वेस्ट अशा मोठ्या समूहांकडे गेल्या, आणि लहान स्वतंत्र वृत्तपत्रांनी त्याबद्दल सुरुवातीपासून तक्रार केली आहे. मला ती तक्रार पटते. लोकांच्या फीतून लिहिलेली बातमी उघडताना आधी उडत्या जाहिराती, मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, मग पुन्हा जाहिरात, असं होऊ नये. बातमीदाराचे पैसे देताना बीबीसीने वाचण्याजोगं पान हीसुद्धा अट घालावी.

याहून मोठी उणीव वेळेची आहे. प्लॅनिंगच्या अर्जावर लोकांना म्हणणं मांडायला सहसा २१ दिवस असतात, लायसन्सच्या अर्जावर २८. बहुतेक बातम्या समितीची कार्यपत्रिका जाहीर झाल्यावर किंवा निर्णय लागल्यावर येतात. कार्यपत्रिका बैठकीच्या पाच पूर्ण दिवस आधी लावावी लागते, पण तोवर हरकतींची मुदत संपलेली असते. बातमी वाचून चिडलेला माणूस काय करणार? आणि प्लॅनिंगमध्ये शेजाऱ्याला अपीलच नाही. अर्जदाराला परवानगी नाकारली तर तो प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जाऊ शकतो; परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याला जायचं असेल तर सहा आठवड्यांत हायकोर्टात न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे सामान्य माणसाच्या खिशाबाहेरचं काम. म्हणून खरी गरज आहे ती अर्ज दाखल होतो त्या आठवड्यातल्या बातमीची.

तिसरी गोष्ट, समितीपुढे येतात ते मूठभर अर्ज. प्लॅनिंगचे दहापैकी नऊ निर्णय अधिकारीच समितीकडे न नेता आपल्या पातळीवर घेतात. घरामागची खोली, छतावरची खिडकी, दुकानाची पाटी, एक्झॉस्टचा पाइप हे सगळं त्यांत आलं. त्यांना बैठक नाही, मग बातमीदार बसणार कुठे? चांगले बातमीदार दर आठवड्याला निर्णयांची यादी चाळतात आणि त्यातून गोष्टी काढतात. पण एकाच माणसाकडे दोन-तीन कौन्सिलं असतात, वर आरोग्यसेवेच्या आणि पोलीस-अग्निशमनाच्या समित्या. त्याने आणखी किती करायचं?

एक सवय मात्र या मंडळींनी सोडावी असं मला वाटतं: हरकती मोजण्याची. ‘अमुक इतक्या हरकती येऊनही मंजुरी’ असं वाक्य फार वेळा येतं, जणू ते मतदान होतं. प्लॅनिंगमध्ये उजेड अडणं, खिडकीतून दुसऱ्याच्या घरात दिसणं, आवाज, रहदारी ही कारणं धरली जातात. घराची किंमत पडेल, समोरचा देखावा जाईल, ही धरली जात नाहीत. लायसन्समध्ये तर ‘या रस्त्यावर आणखी एका दुकानाची गरज काय’ हा प्रश्नच विचारात घेता येत नाही. शंभर पत्रं घराच्या किमतीबद्दल आली तर ती शंभरही बाजूला पडतात, आणि कुणा एका आजीबाईंनी रात्री २ वाजताच्या आवाजाची तारीखवार नोंद दिली तर ती निर्णय फिरवू शकते. हे वाचकांना प्रत्येक बातमीत कळायला हवं. आपल्या लोकांना तर फारच, कारण आपण सह्यांचं लांबलचक निवेदन देतो आणि मग आपलं कुणी ऐकलं नाही म्हणून कडू होतो.

विद्यार्थ्यांसाठी एक विषय वेगळा सांगते. पुण्या-नाशिकहून मास्टर्सला येणारी मुलं पाच-सहाजण मिळून घर घेतात, त्याला इथे एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन) म्हणतात. एकमेकांच्या नात्यात नसलेली पाच किंवा जास्त माणसं राहत असतील तर इंग्लंडमध्ये मालकाला परवाना घ्यावाच लागतो. १ ऑक्टोबर २०१८ पासून तीन मजल्यांची जुनी अट गेली आणि बैठी घरंही त्यात आली. शिवाय काही कौन्सिलांनी ‘आर्टिकल ४’ लावून साध्या घराचं एचएमओ करायला प्लॅनिंगची परवानगीही बंधनकारक केली आहे. या दोन परवानग्यांबद्दल या सेवेने जितकं लिहिलं आहे तितकं दुसरीकडे मला मिळालं नाही. खोली घेण्याआधी कौन्सिलचं नाव आणि एचएमओ हे शब्द टाकून या बातम्या शोधा. कौन्सिलच्या परवान्यांच्या नोंदवहीत घराचा पत्ता आहे का ते बघा. ती नोंदवही सार्वजनिक असते.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना मात्र या सेवेचा उपयोग मर्यादित. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. बाकीची मंडळं शाळा नाहीतर चर्चचा हॉल भाड्याने घेतात आणि गरज पडली तर ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’, म्हणजे एका कार्यक्रमापुरती लायसन्सऐवजीची सूचना, कौन्सिलला देतात. शुल्क २१ पौंड, माणसं ४९९ पर्यंत, नोटीस निदान १० कामाचे दिवस आधी. यावर फक्त पोलीस आणि पर्यावरण आरोग्य विभागच हरकत घेऊ शकतात, शेजारी नाही. त्यामुळे त्याची बातमी क्वचितच होते.

पुण्या-मुंबईच्या आठवणीने मन भरून आल्याशिवाय मला हे लिहिता येत नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, आणि ते होर्डिंग होतं १२० बाय १२०. परवानगी कुणी दिली, जागा कुणाची, पालिकेचा परवाना हवा होता की नाही, हे सगळे कागद दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत छापून आले. ते कागद होर्डिंग उभं राहिलं तेव्हाही होतेच. कमला मिल्सच्या आगीत, २९ डिसेंबर २०१७ ला, १४ जण गेले, तेव्हाही गच्चीवरच्या रेस्टॉरंटांच्या परवानग्यांची चर्चा नंतरच झाली. मराठी वृत्तपत्रांत महापालिकेची बीट सांभाळणारे कितीतरी हुशार, चिकाटीचे बातमीदार आहेत. स्थायी समितीत ऐनवेळी आलेला विषय त्यांच्याच बातमीमुळे लोकांना कळायचा. पण मार्च २०२२ पासून पुणे आणि मुंबईत प्रशासकांचा कारभार होता, जानेवारी २०२६ च्या निवडणुकांपर्यंत. इतकी वर्षं निवडून आलेल्या लोकांची सभाच नाही, म्हणजे प्रश्नोत्तरं नाहीत, उपसूचना नाहीत. आकाशचिन्ह (होर्डिंग) आणि परवाना विभागाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना पाहणारं सभागृह नव्हतं. तिथे पगार कुठून आणायचा हे मला सांगता येणार नाही, पण फक्त परवाने आणि विकास आराखड्यातले बदल वाचण्यासाठी एक माणूस नेमावा, आणि त्याची बातमी सगळ्या वृत्तपत्रांना खुली असावी, ही कल्पना आपल्याकडे चालण्यासारखी आहे.

ब्रिटनने हा धडा फुकट शिकलेला नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्या इमारतीच्या नूतनीकरणाला कौन्सिलचीच प्लॅनिंग परवानगी होती. आधी जस्ताच्या पत्र्यांचं आवरण ठरलं होतं, नंतर खर्च वाचवायला ॲल्युमिनियम कॉम्पोझिटचं, म्हणजे मध्ये पेट घेणारं प्लास्टिक असलेल्या पत्र्यांचं, आलं. रहिवाशांच्या गटाने नोव्हेंबर २०१६ मध्येच आपल्या ब्लॉगवर लिहिलं होतं की मोठी दुर्घटना घडल्याशिवाय इथल्या व्यवस्थापनाचा नाकर्तेपणा बाहेर येणार नाही. त्या भागात ते वाचून कौन्सिलच्या दारात जाऊन बसेल असा बातमीदार उरला नव्हता. ही सेवा ग्रेनफेलमुळे सुरू झाली असं नाही, ती आधीच ठरली होती. पण कौन्सिलच्या इमारतींच्या दारं-जिन्यांबद्दलची कंटाळवाणी बातमी मी आता टाळत नाही.

कायद्याने दार उघडं आहे हेही इथलं चांगलं. १९६० चा कायदा, ज्याने वार्ताहरांना आणि लोकांना कौन्सिलच्या बैठकांना बसण्याचा हक्क दिला, तो मार्गारेट थॅचर यांनी खासदार म्हणून केलेल्या पहिल्याच भाषणात मांडला होता. पुढे १९७२ च्या आणि नंतरच्या कायद्यांनी तो समित्यांपर्यंत नेला, आणि २०१४ च्या नियमांनी बैठकीचं चित्रण करायला, बसल्या जागेवरून बातमी पाठवायला मुभा दिली. त्या हक्काचा वापर तुम्हीही करू शकता. टाउन हॉलमध्ये प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्याच असतात. प्लॅनिंग समितीत तीन मिनिटं बोलायलाही अनेक कौन्सिलं देतात, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं.

ही सेवा वापरायची कशी, ते माझ्या अनुभवावरून सांगते. आपल्या कौन्सिलचं नाव आणि लोकल डेमोक्रसी रिपोर्टर हे शब्द एकत्र शोधा, बातमीदाराचं नाव मिळेल. मग त्या नावाने बातम्या वाचत जा, मथळ्याने नाही. त्याला ई-मेल करा. अर्जाचा क्रमांक द्या, निळ्या नोटिशीचा फोटो पाठवा, शेवटची तारीख लिहा. हे लोक एकटे असतात आणि रस्त्यावरून आलेल्या माहितीची त्यांना खरंच गरज असते. उशिराच्या बातमीवर उपाय म्हणून कौन्सिलच्या प्लॅनिंग पोर्टलवर खातं काढून आपल्या पोस्टकोडचा अलर्ट लावा, फुकट आहे. वृत्तपत्रांनी चालवलेल्या पब्लिक नोटीस पोर्टलवर लायसन्सच्या जाहिराती एकत्र दिसतात. पोर्टल अर्ज दाखवतं, त्याचा अर्थ मात्र सांगत नाही, आणि तिथेच बातमीदार हवा.

आमच्या गल्लीत त्या बातमीचा एक परिणाम झाला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी अटींचा परिच्छेद छापून स्वयंपाकघरात लावला आहे, आणि मागे एकदा ११ नंतर डब्याचा आवाज आला तेव्हा त्या कौन्सिलकडे न जाता थेट माझ्याकडे आल्या. अटींचा भंग झाला तर परवान्याचा फेरविचार मागण्याचा हक्क त्यांना आहे, हेही त्याच बातमीतून त्यांना कळलं होतं. तो डबा माझ्या दुकानाचा नव्हता, पण त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून शेजारच्या दुकानदाराशी बोलणं केलं आणि त्याचेही डबे आता दिवसा बाहेर येतात.

माझा कलम ७३ चा अर्ज अजून प्रलंबित आहे. तो अधिकाऱ्यांच्या पातळीवरच निघेल, म्हणजे बैठक नाही आणि बहुधा बातमीही नाही. म्हणून त्याचा क्रमांक आणि हरकतींची शेवटची तारीख मी मोठ्या अक्षरांत दुकानाच्या काचेवर लावली आहे, आणि तेच त्या बातमीदार मुलीलाही कळवलं आहे.